फुकटच्या सरपणाचा हिशोब

गेल्या महिन्यात मोहोळ तालुक्यातल्या एका गावी ग्रामसभा होती. खताचा, बियाण्याचा विषय संपल्यावर सवयीप्रमाणे मी गॅसचा विषय काढला. चुलीचा धूर, डोळे, खोकला, सगळं रीतसर सांगितलं. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, टाकीला एकदम नऊशे रुपये लागतात. सरपण फुकट येतं. आता तुम्हीच सांगा, स्वस्त काय?"

माणसं हसली. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं. पुन्हा धुराचंच पुराण लावून वेळ मारून नेली. पण मोटारसायकलवर परत येताना तो प्रश्न पाठ सोडीना. ज्वारीचा एकरी खर्च, डाळिंबाच्या फवारणीचा खर्च आम्ही पैशापैशाने मांडून देतो. ज्या चुलीवर घर जेवतं त्या चुलीचा हिशोब मात्र ना आम्ही कधी मांडला, ना तुम्ही विचारला. तो एका बाईने विचारला. म्हणून आजचं हे लिखाण त्या हिशोबावर.

थंड मुलखातली माणसं हा हिशोब दरसाल हिवाळ्याआधी करतात. घर उबदार ठेवायला तेल, गॅस, लाकूड की वीज, कोणतं परवडतं? ते फक्त भाव बघत नाहीत. घेतलेल्या जळणातली किती ऊब घरात राहते आणि किती धुराड्यातून जाते, हेही बघतात. आपल्याला घर तापवायची गरज नाही. सोलापूरचा मे महिना ते काम नको इतकं करतो! पण आपली चूल आहे, आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे. हिशोबाची रीत तीच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आधी माप ठरवू या. उष्णता किलोकॅलरीत मोजतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. पदविकेला असताना हे आम्हाला शिकवलं ते जनावरांच्या खाद्यापुरतं. चुलीला लावून पाहायचं कधी सुचलं नाही. हजार किलोकॅलरीत साधारण १५ लिटरची घागर उकळीला टेकते. तेव्हा आपलं माप 'एक घागर कढत पाणी' असं धरू. कोणत्या जळणावर ही घागर कितीला पडते, एवढंच बघायचं आहे.

खादी व ग्रामोद्योग आयोगाचा एक जुना तक्ता आमच्या कामात नेहमी लागतो. कोणत्या जळणात किती उष्णता असते आणि त्यातली किती प्रत्यक्ष भांड्याला लागते, ते त्यात दिलेलं आहे. गॅसच्या टाकीतल्या वायूत किलोला १०,८८२ किलोकॅलरी, त्यातली ६० टक्के भांड्याला. वाळलेल्या लाकडात ४,७०८, त्यातली १७.३ टक्के भांड्याला. गोवरीत २,०९२, त्यातली फक्त ११ टक्के. बाकीची उष्णता भिंतीला, हवेला आणि रांधणाऱ्या बाईच्या तोंडाला. जळण आपण पूर्ण घेतो, पूर्ण जाळतो, पण भांड्याला लागतो तो एवढाच वाटा.

आता भाव लावू. टाकी १४.२ किलोची. गावपोच ९०० रुपये धरतो; तुमच्या पावतीवर वेगळा आकडा असेल तर तो घाला. एका टाकीतून भांड्याला सुमारे ९२,७०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साधारण ९३ घागरी. घागर पडली पावणेदहा रुपयांना. उज्ज्वला योजनेच्या जोडणीवर २०२५-२६ साठी वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत टाकीमागे ३०० रुपये अनुदान मंजूर झालं होतं. ते खात्यात आलं तर तीच घागर साडेसहा रुपयांना.

विकतचं लाकूड वखारीत किलोला ८ रुपये धरू. एका किलोतून भांड्याला ८१४ किलोकॅलरी. घागर पडली ९ रुपये ८० पैशांना. म्हणजे गॅसइतकीच! आणि हा आकडा लाकडाच्या बाजूने झुकता आहे. तक्त्यातलं लाकूड खडखडीत वाळलेलं असतं. आपली वेडी बाभूळ तोडून आठ दिवसांत चुलीत जाते, बरीच उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात घालवते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा टक्के जरी भांड्याला लागली तरी पुष्कळ. तसा हिशोब धरला तर घागर वीस रुपयांच्या घरात जाते. तेव्हा विकत लाकूड घेऊन जे रांधतात, मग ते घर असो, आश्रमशाळा असो की लग्नाचा आचारी, त्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावंच.

पण त्या बाईंचं सरपण विकतचं नव्हतं. ते फुकटचं. खरा प्रश्न तिथेच आहे.

एका टाकीइतकी उष्णता लाकडातून काढायची तर ११४ किलो लाकूड लागतं. डोक्यावरची मोळी १५ किलोची धरली तर जवळजवळ आठ मोळ्या. ओढ्याकाठी, गायरानात जाणं, तोडणं, बांधणं, आणणं यात एका मोळीला तीन तास धरा. आठ मोळ्यांना चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन रोज. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात दिवसाला ३१२ रुपये होती. तीन रोजांचे ९३६ रुपये झाले. टाकी नऊशेची!

कोणी म्हणेल, त्या तीन दिवसांत तिला रोज कुठे मिळणार होता? हे खरं आहे. खुरपणी, काढणीच्या दिवसांत मिळतो, बाकीच्या दिवसांत मिळतोच असं नाही. म्हणून मी सरपण नऊशे रुपयांना पडतं असं ठोकून सांगत नाही. पण ते फुकट पडतं हेही कबूल करत नाही. घरातल्या कर्त्या माणसाने त्या तीन दिवसांची किंमत स्वतःच्या मनात काय ती ठरवावी. आणि ठरवताना एकदा स्वतः मोळी आणून बघावी. मी गेल्या आठवड्यात बघितली. तीन तासांत झाली नाही.

गोवरीचा हिशोब याहून वाईट आहे. एका किलो गोवरीतून भांड्याला फक्त २३० किलोकॅलरी. टाकीची बरोबरी करायला ४०० किलो गोवऱ्या लागतात. ४०० किलो वाळल्या गोवऱ्या म्हणजे सुमारे दोन टन ओलं शेण. दोन गाड्या शेण जाळावं तेव्हा एक टाकी होते.

इथे आमच्या खात्याची माणसं, त्यात मीही आलो, एक चूक करतात. शेणातला नत्र मोजून दाखवतात. दोन टन शेणात सहा किलोच्या आसपास नत्र, म्हणजे १३ किलो युरिया. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या भावाने हा नत्र ऐंशी रुपयांचाही होत नाही. शेतकरी मनातल्या मनात हसतो आणि गोवऱ्या थापायचं चालू ठेवतो. त्याचं गणित चुकत नाही, आमचं मांडणं चुकतं. शेणखत युरियासाठी घालायचं नसतं. माती परीक्षणाचे अहवाल काढून बघा, आपल्या जिल्ह्यात बहुतेकांवर सेंद्रिय कर्ब कमी असा शेरा असतो. काळी जमीन पावसानंतर चिकटते, उन्हात हातभर भेगाळते. सेंद्रिय कर्बाची गोणी दुकानात मिळत नाही. शेणखताची ट्रॉली आज तुमच्या शिवारात काय भावाने जाते ते तुम्हीच मला सांगाल. तोच भाव गोवरीला लावा. चुलीतल्या राखेत पालाश राहतो, स्फुरद राहतो, पण नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात.

हेच शेण गोबर गॅसच्या टाकीत घातलं तर काय होतं? रोज ५० किलो ओलं शेण धरा. त्याच्या गोवऱ्या थापल्या तर वाळून दहा किलो होतात आणि भांड्याला सव्वादोन घागरी उष्णता देतात. तेच शेण दोन घनमीटरच्या सयंत्रात गेलं तर दोन घनमीटरच्या आसपास वायू मिळतो आणि भांड्याला साडेपाच घागरी उष्णता लागते. अडीच पट. शिवाय खाली येणारी मळी शेतात जाते, कारण वायू झाला तरी नत्र तिच्यातच राहतो. पाच माणसांच्या घराचा दोन्ही वेळचा स्वयंपाक यात होऊन थोडा वायू उरतो. बांधकामाला ४५ हजार रुपये धरले आणि सयंत्र पंधरा वर्षं चाललं, तर किरकोळ दुरुस्तीसह घागर दीड-दोन रुपयांना पडते. एवढी स्वस्त घागर विकतच्या कोणत्याच जळणावर पडत नाही. अनुदान मिळालं तर आणखी खाली. अनुदानाचे आकडे बदलत असतात, ते पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्या.

मग गावोगाव बंद पडलेली सयंत्रं का दिसतात? कारण ती जनावरं न मोजता बांधली गेली. ५० किलो शेणाला दावणीला बांधलेली चार-पाच मोठी जनावरं हवीत, दिवसभर चरायला जाणारी नव्हेत. काही वर्षांपूर्वी दोन गाई असलेल्या एका घराला मीच दोन घनमीटरची शिफारस केली होती. उद्दिष्टाची घाई होती. त्या घरात सकाळचा चहा आणि एक भाजी होऊन गॅस विझायचा. आता त्या टाकीच्या घुमटावर शेवग्याच्या शेंगा वाळत घालतात. चूक त्या घराची नाही, माझी. दुसरी अडचण पाण्याची. शेणाइतकंच पाणी रोज घालावं लागतं, म्हणजे ५० लिटर. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडच्या ज्या वाड्या उन्हाळ्यात टँकरवर असतात तिथे हे सोपं नाही. जनावरांचं मूत आणि भांडी धुतलेलं पाणी (साबण नसलेलं) वापरून काही घरं भागवतात. पण दुष्काळात जनावरंच छावणीला गेली तर सयंत्र उपाशी राहतं. म्हणून ज्याच्या गोठ्यात बारा महिने चार जनावरं आहेत त्याने नक्की बांधावं आणि दोन आहेत त्याने मोह आवरावा, असं मी आता स्पष्ट सांगतो.

आता आंघोळीचं पाणी. या बाबतीत माझं स्वतःचं घर सुधारायला मला फार उशीर झाला. तालुक्याच्या गावी भाड्याने राहत असताना आमची टाकी चोवीस-पंचवीस दिवसांत संपायची. शेजारच्या तेवढ्याच माणसांच्या घरात दीड महिना जायची. मला वाटायचं एजन्सीवाला वजनात मारतो. एकदा काटा आणून टाकी तोलली, वजन चोख भरलं. मग लक्षात आलं, आमच्या पातेल्यात सकाळी पाच माणसांचं पाणी तापत होतं. माणशी १५ लिटर म्हणजे ७५ लिटर, ते वीस अंशांनी तापवायला दीड हजार किलोकॅलरी, दीड घागर. महिन्याला ४५ घागरी. म्हणजे अर्धी टाकी नुसती न्हाणीघरात वाहून जात होती, साडेचारशे रुपयांच्या आसपास.

आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे बंब होताच की. तांब्याचा बंब बघा, मधून नळी, भोवती पाणी. जाळ पाण्याच्या पोटात असतो, म्हणून उघड्या चुलीवरच्या पातेल्यापेक्षा कमी जळणात पाणी तापतं. बंब अंगणात असतो, धूर घरात कोंडत नाही. आणि त्याला लाकूडच लागतं असं नाही. तुराट्या, धसकटं, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं. बार्शी, अक्कलकोटकडे तूर पुष्कळ. पीक बरं आलं तर एकरी टनभर तुराट्या निघतात. त्यातून किलोला ६०० किलोकॅलरी पाण्याला लागली तरी सहाशे घागरी झाल्या. एका घराचं वर्षभराचं आंघोळीचं पाणी महिन्याला ४५ घागरींनी ५४० घागरी होतं. म्हणजे एका एकराच्या तुराट्यांत एका घराच्या वर्षाच्या आंघोळी निघतात! आणि याच तुराट्या बांधावर ढीग लावून पेटवलेल्या मी दर फेब्रुवारीत बघतो. पावसाआधी शाकारून ठेवायला एक पत्रा लागतो, एवढंच.

विजेच्या हीटरचा हिशोबही सांगून टाकतो. एका युनिटात ८६० किलोकॅलरी, बादलीतला रॉड त्यातली नव्वद टक्के पाण्याला देतो. युनिट ८ रुपयांना धरलं तर घागर सव्वादहा रुपयांना पडते, गॅसच्या जवळपास. पण महावितरणचा दर टप्प्याने चढतो. शंभर युनिटांच्या आत असाल तर रॉड परवडतो. रॉडमुळेच शंभरची वेस ओलांडत असाल तर वरची युनिटं महाग पडतात. बिल काढून बघा. आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायची सवय मोडा, त्या बोटापायी माणसं गेली आहेत.

शंभर लिटरचा सौर बंब वीस हजारांच्या घरात धरला तर गॅसच्या मानाने चार-पाच वर्षांत फिटतो. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. एप्रिल-मेमध्ये तर छपरावरच्या टाकीतलं पाणी तसंच अंगावर घेववत नाही, बंब हवाच कशाला! अडचण आहे ती बोअरच्या जड पाण्याची. नळ्यांत क्षार बसतो आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा सफाई करून देणाऱ्याकडूनच घ्या. नाहीतर तुराट्या बऱ्या.

राहिली चूल. चुलीवरच्या भाकरीची चव मला माहीत आहे, मीही ज्वारीवरच वाढलोय. निखाऱ्यावर फुगलेली भाकरी गॅसवर होत नाही, हे कोणत्याही तक्त्याने खोडता येत नाही. म्हणून चूल फोडा असं मी म्हणत नाही, बदला असं म्हणतो. ऐंशीच्या दशकात निर्धूर चुलींची देशभर मोहीम निघाली होती, २००२ साली ती केंद्राने आवरली. तिच्यातल्या पुष्कळ चुली मोडल्या, कारण धुराडं झाडायचं असतं हे घरात कोणी सांगितलंच नाही. काजळीने नळी बुजली की धूर घरात, मग बाई नळी उपटून टाकते. पुण्याच्या आरती या संस्थेची दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल त्याच वळणाची आहे. चांगली बांधलेली सुधारित चूल वीस टक्क्यांच्या पुढे उष्णता भांड्याला देते. म्हणजे तीन दगडांच्या मानाने सरपण निम्मं. आठ मोळ्यांच्या जागी चार. महिन्यातून एकदा नळी झाडायची, एवढी तिची चाकरी.

धुराबद्दल एकच आकडा देतो. घरातल्या चुलींच्या धुराने २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा हिशोब रुपयांत मांडायची माझी तयारी नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, जोडण्या गावोगाव पोचल्या. पण जोडणी किती झाल्या हा आकडा फलकावर लिहून काम संपत नाही. गेल्या वर्षात कोणी किती टाक्या भरून आणल्या, हा आकडा गोळा करा. पुष्कळ घरांत शेगडीवर धान्याचा डबा ठेवलेला असतो आणि टाकी कोपऱ्यात उभी असते. कारण बाईंनी सांगितलं तेच. नऊशे रुपये एकदम कुठून आणायचे? रोजचे तीस रुपये निघतात, महिन्याचे नऊशे एकदम निघत नाहीत. अनुदान मागाहून खात्यात येतं, पैसे आधी मोजावे लागतात. पाच किलोची लहान टाकी उज्ज्वलाच्या ग्राहकाला बदलून घेता येते, हे किती घरांना सांगितलंय? आणि बचत गटांनी टाकीची भिशी का घालू नये? दहा बायकांनी आठवड्याला शंभर रुपये टाकले तर महिन्याला चार टाक्यांचे पैसे निघतात. ज्यांची टाकी संपली त्यांना आधी, बाकीच्यांना पुढच्या महिन्यात. गटाला कर्ज काढायची गरज नाही.

डाळ रात्री भिजत घाला, कुकरमध्ये शिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. एवढं मात्र बघा, ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोकं बुजली आहेत. टाचणीने साफ करा, निळी होईल.

त्या गावची पुढची ग्रामसभा जवळ आली आहे. या वेळी मी साखळीचा काटा घेऊन जाणार आहे. त्या बाईंना निरोप धाडला, येताना एक मोळी आणा म्हणून. त्यांचा उलट निरोप आला, "मोळी आणते, पण काट्यावर साहेबांनी उचलून टाकायची."